देव शेजाऱ्यांकडे दिले आहेत

मंडळी, मृदंग जरा विसावू द्या. टाळ मांडीवर ठेवा. एक प्रश्न विचारतो, पण उत्तराची घाई करू नका. कीर्तनात लगेच आलेलं उत्तर आणि लगेच आलेली झोप, दोन्हींवर माझा विश्वास नाही!

प्रश्न असा — देव उशीर का लावतो?

हसताय काय? मनात सगळे हेच विचारता! नवस बोलून वर्ष झालं, पाळणा हलेना. उपास करून गुडघे दुखायला लागले, पोराची नोकरी लागेना. त्या गजेंद्राचं बघा! मगरीनं पाय धरला, आणि पुराण म्हणतं, हजार वर्षं ओढाओढ चालली. हजार वर्षं! आपल्याकडं गॅसची टाकी दोन दिवस उशिरा आली तर आपण एजन्सीवाल्याच्या घरी जाऊन बसतो! आणि देवाजवळ तर गरुड — स्वतःचं वाहन! पेट्रोल नाही, टोल नाही, पंक्चर नाही! तरी उशीर! का?

याचं उत्तर पोथीत शोधू नका. पिंपळदरीत तुळशीराम बोराटे नावाचा माणूस राहतो, त्याच्या घरी चला माझ्याबरोबर.

तुळशीराम माणूस वाईट नाही हो! कुणाचं एक खाल्लं नाही, कुणाला फसवलं नाही. पण घाई! अशी घाई, अशी घाई — की आईच्या पोटातून सातव्या महिन्यात बाहेर आला तो आजतागायत पळतोच आहे! लग्नात भटजी 'सावधान' म्हणायच्या आत यानं माळ घातली. नवरीला नाही — करवलीला! नवरी कौसाबाई तेव्हा हसली, तीच शेवटची. त्यानंतर संसार लागला मागं.

तुळशीरामाला एक थोरला भाऊ. लिंबाजी. आता देवाची गंमत बघा — एकाच आईनं दोन लेकरं काढली, एक वारा आणि एक डोंगर! लिंबाजी पूजेला बसला की चुलीवरची भाजी करपून जायची. एकेका देवाला अंघोळ, एकेकाला पुसणं, एकेकाशी बोलणं. घरात कुलदैवत खंडोबा. चांदीच्या पत्र्यावर कोरलेले देव असतात ना, ज्यांना आपण टाक म्हणतो, ते टाक. पिढ्यान्‌पिढ्या थोरल्याकडंच राहायचे. घरात लग्न निघालं की थोरल्यानं ते देव पाटीत घालून डोक्यावर घ्यायचे, आणि लग्नघरी जागरणाला आणायचे. ही रीत.

तर दहा-अकरा वर्षांपूर्वी चंपाषष्ठीचा दिवस. चार महिने वांगं खाल्लेलं नाही. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, घरभर वास! लिंबाजी देवापुढं डोळे मिटून बसलेला. डोळे उघडले तर ताटातलं भरीत अर्धं! आणि तुळशीरामाच्या मिशीला लसूण!

लिंबाजी म्हणाला, "तुळशा, देवाच्या आधी जेवलास? कुत्रंसुद्धा थांबतं रे!"

झालं! तुळशीराम उठला. "मी कुत्रं? ठीक! आजपासून तुझा देव तुला! या घरचं नाव माझ्या घरात कुणी काढायचं नाही!"

आणि घर सोडून गेला. कुठं गेला? मुंबईला? नाही. त्याच घराच्या मधोमध भिंत घातली आणि भिंतीच्या अलीकडं राहायला लागला! दोन दारं, एकाला एक लागून. दोन्हींवर पाटी — बोराटे, बोराटे. वांग्याच्या भरतावरून, मंडळी! रामायण सीतेवरून झालं, महाभारत राज्यावरून झालं, पिंपळदरीचं बोराटेपर्व भरतावरून झालं!

अकरा वर्षं तोंड बघितलं नाही. लिंबाजी घरातनं निघाला की तुळशीराम आत. आणि गेल्या पोळ्यापासून एक नवीनच. रोज सकाळी भिंतीतनं आवाज यायचा. ठक. ठक. ठक. तुळशीराम म्हणायचा, "बघ! मला छळायला खुंट्या ठोकतोय!" मग हा काय करायचा? पाट्यावरचा वरवंटा उचलायचा आणि इकडनं भिंतीवर — धाड! धाड! धाड! कौसाबाई तोंडाला पदर लावून चुलीकडं जायची. अहो, इकडं गिलावा पडला, तिकडं गिलावा पडला, पण नियम चुकला नाही. एवढ्या नियमानं कुणी पूजा केली असती तर खंडोबा गडावरनं उतरून चहाला आला असता!

आता खरी गंमत. दसऱ्याला कुणीतरी तुळशीरामाला सांगितलं, "मोबाइलवर एक दुकान आहे. त्याचं 'गरुड मेंबर' व्हायचं. वर्षाचे पैसे एकदा भरायचे, मग आज मागवलेलं उद्या दारात! पोचवायचं भाडं शून्य!"

घाईच्या माणसाला आणखी काय पाहिजे? माकडाला मेंबरशिप मिळाली! झाला गरुड! आणि एकदा पैसे भरले की आपला मराठी माणूस काय म्हणतो? — वसूल झाले पाहिजेत! तुळशीरामानं सुई मागवली. एक सुई! शेळी मावेल एवढ्या खोक्यात आली. दुसऱ्या दिवशी दोरा मागवला. एकदम नाही मागवायचं, मंडळी — वेगळा मागवायचा, म्हणजे फेरी वसूल! मिठाची पुडी. काडेपेटी. एकदा तर रिकामं खोकं मागवलं, ते खोक्यात घालून आलं!

हसताय? आमचे हे मृदंगाचार्य बघा — खाली बघतायत! पखवाजाला लावायची कणीक ऑनलाइन मागवली परवा यांनी! घरात पिठाचा डबा भरलेला! असू द्या, असू द्या, बुवा. वाजवा तुम्ही.

तर मागवण्याचं वेड मागवण्यापुरतं राहिलं असतं तर ठीक. पण तुळशीराम आता जगालाच गरुड समजायला लागला! दह्याला विरजण लावलं की तासातासाला झाकण काढून बघायचा — "कुठवर आलंय?" खुडूक बसलेल्या कोंबडीपुढं उभा राहून म्हणायचा, "एकवीस दिवस? या जमान्यात?" सत्यनारायणाला भटजींना म्हणाला, "पाचवा अध्याय आधी घ्या, प्रसाद आधी वाटू, बाकीचे चार ज्याला वेळ आहे त्यानं ऐकावेत!"

अशात मुलीचं लग्न ठरलं. मयूरी. एकुलती एक, गुणाची पोर, बापावर जीव. माघातली तिथी निघाली. आता लग्नाआधी कुलदैवताचं जागरण आलं. वाघ्या ठरवला, संबळ ठरलं, तुणतुणं ठरलं. कौसाबाई हळूच म्हणाली, "अहो, देव? पलीकडं जाऊन अक्षत द्यायला हवी. मोठे भावजी देव घेऊन येतील."

"नाव काढू नकोस!"

"नाव कुठं काढलं? भावजी म्हटलं."

"तेही काढू नकोस!"

तेवढ्यात मयूरी उठली. मंडळी, लेकी शांत असतात तोवर बापांनी सुखानं झोपून घ्यावं! ती म्हणाली, "आबा, एकच सांगते. लहानपणी काकांनी मला खांद्यावर बसवून देव दाखवले होते. देव आल्याशिवाय, त्यांच्यापुढं जागरण झाल्याशिवाय मी अंगाला हळद लावून घेणार नाही. मांडव पडू दे, वऱ्हाड परत जाऊ दे."

तुळशीरामाच्या पायाखालची जमीन सरकली. लेक बोलते तसं करते, हे त्याला ठाऊक. इकडं सोयरे, गाव, अब्रू. आणि देव कुठं? भिंतीच्या पलीकडं! वीतभर भिंत! हात घातला तर लागतील! पण तिथं जायचं म्हणजे आधी वाकायचं, आणि वाकायला याच्या कमरेत सांधाच नाही!

मग काय केलं यानं? मोबाइल काढला. म्हणाला, "देवच पाहिजेत ना? उद्या दुपारपर्यंत आणतो!"

आणि टाइप केलं — खंडोबा, टाक, चांदी, पूर्ण सेट.

काय सांगू महाराज, शंभर खंडोबा आले! लहान, मोठे, मध्यम! खाली तारे! देवाला तारे, मंडळी! पाचपैकी चार! अरे, एक तारा कुणी कापला? आणि का कापला? खाली लोकांनी अभिप्राय लिहिलेले — 'देव चांगले आहेत, फोटोपेक्षा थोडे लहान वाटले.' दुसरा म्हणतो, 'नवस पूर्ण झाल्यावर एक तारा वाढवीन.' आणि त्याच्या खाली — 'हे घेणाऱ्यांनी मच्छर मारायची बॅटही घेतली आहे.'

तुळशीरामानं बोट दाबलं. बॅट फुकट होती, तीही घेतली.

दुसरा दिवस. जागरणाचा दिवस! मायलेकी बांगड्या भरायला गेलेल्या. तुळशीराम उंबऱ्यावर बसून. सकाळपासून बसलाय. आयुष्यात देवाची एवढी वाट कधी बघितली नव्हती! मोबाइलवर नकाशा, नकाशावर ठिपका — देव नाक्यावर आले, देव पुलावर आले, देव चहाला थांबले! ऊन वर आलं, अंग घामानं भिजलं. म्हणाला, देव येतायत, अंघोळ तरी करू.

आणि डोक्यावर पहिला तांब्या ओतला तेव्हाच फटफटी आली!

गाडीवाला दार वाजवतोय. फोन करतोय. फोन बाहेर, मालक मोरीत, मांडवात कर्णा लागलेला. गाडीवाल्याला अजून अर्धा तालुका पालथा घालायचा. त्यानं शेजारच्या दारावरची पाटी वाचली — बोराटे. दार वाजवलं.

"बोराटेच ना?"

आतनं लिंबाजी म्हणाला, "बोराटेच."

"पार्सल आहे. शेजाऱ्यांचं आहे, ठेवून घेता?"

"काय आहे?"

गाडीवाल्यानं खोक्यावर वाचलं. "देव."

झालं! दिले, फोटो काढला, गेला. तुळशीराम टॉवेल गुंडाळून बाहेर येतो तर मोबाइलवर निरोप — अभिनंदन! आपले पार्सल शेजाऱ्यांकडे दिले आहे.

कुठं दिलं? शेजारी! अहो, सातशे मैलांवरनं देव निघाले, डोंगर ओलांडले, नद्या ओलांडल्या, आणि येऊन बसले कुठं? भिंतीच्या पलीकडं! ज्या दारात हा जाणार नाही, बरोबर त्याच दारात! म्हणे देवाला पत्ता कळत नाही!

तुळशीराम पेटला. दुकानाला फोन लावला. पलीकडं एक पोरगी, आवाजात साखर.

"नमस्कार सर, गरुड मेंबरशिपमध्ये आपलं स्वागत आहे."

"स्वागत गेलं चुलीत! माझे देव आणून द्या!"

"सर, आपले देव शेजारी सुखरूप आहेत. आपण जाऊन घेऊ शकता. अंतर शून्य किलोमीटर दिसतंय."

"मी तिथं जाणार नाही! तुमचा माणूस पाठवा! त्यानं त्या दारातनं उचलावं आणि या दारात ठेवावं!"

"नक्की सर. तशी विनंती नोंदवते. पार्सल तिथून उचलून आधी भिवंडीच्या गोदामात जाईल, तिथे तपासणी होईल, आणि मग आपल्या पत्त्यावर येईल. सोमवारपर्यंत मिळेल."

"सोमवारी? लग्न शनिवारी आहे! आणि या दारातनं त्या दारात जायला भिवंडी कशाला?"

"सर, आमचा मार्ग तोच आहे."

मंडळी, हसा! पण पोटात एक कळ येऊ द्या. आपल्या सगळ्यांचा मार्ग तोच आहे! सख्ख्या भावाला निरोप द्यायचा असला की आपण मामाला सांगतो, मामा आत्याला सांगतो, आत्या वकिलाला सांगते, आणि निरोप पोचतो कोर्टात! शेजारच्या दारात जायला आपण सगळे भिवंडीवरनंच जातो!

तुळशीराम म्हणाला, "मी तक्रार करणार! पुरावा आहे माझ्याकडं!" आणि त्यानं तो फोटो उघडला. गाडीवाल्यानं काढलेला. दोन बोटांनी मोठा केला. काय दिसलं?

आधी खोकं दिसलं. मग उंबरा दिसला. आईनं ज्या उंबऱ्यावर गोपद्म काढली, तोच उंबरा. आणि उंबऱ्यावर दोन पाय. थोरल्या भावाचे. अकरा वर्षांत पहिल्यांदा यानं भावाकडं नीट बघितलं, तेही फोटोत, तेही पायांकडं!

एक पाय ठीक होता. दुसऱ्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली. आणि जिथं अंगठा असायला पाहिजे, तिथं पट्टी सपाट.

बाजूला काठी.

तुळशीरामाचा हात थांबला. पोरगी फोनवर "सर? सर?" करते, याला ऐकू येईना. मायलेकी बांगड्या भरून दारात आल्या. तुळशीरामानं वर बघितलं. म्हणाला, "कौसे... लिंबादादाच्या पायाला काय झालंय?"

अकरा वर्षांनी त्या घरात ते नाव निघालं, आणि काढलं कुणी? ज्यानं बंदी घातली त्यानंच!

कौसाबाई खाली बसली. म्हणाली, "श्रावणात अंगठा काढला. काटा लागला होता, साखर होती अंगात, जखम चिघळली. जाऊबाई परसातल्या भिंतीवरनं सांगायच्या मला."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाव काढायचं नाही."

मंडळी, तुळशीराम त्याच टॉवेलवर उठला. बनियन घालायचंही भान नाही. आपल्या दारातनं निघाला, आणि त्या दारापुढं जाऊन उभा राहिला. उभा राहिला, उभाच राहिला. जन्मभर पळणारा माणूस, पण कडीला हात लावायला पाच मिनिटं गेली! शेवटी कडी वाजवली.

"उघडंच आहे," आतनं आवाज आला.

आत गेला तर लिंबाजी देवघरापुढं, पाय लांब करून. खोकं उघडलेलं. तुळशीरामाचे नवे कोरे देव ताम्हणात, आणि लिंबाजी त्यांना अंघोळ घालतोय! हळू. एकेकाला. शेजारी जुने देव बसलेले, भंडाऱ्यानं पिवळे झालेले. कोपऱ्यात मच्छर मारायची बॅट, तिलाही लिंबाजीच्या बायकोनं, हौसाबाईनं, हळदकुंकू लावलेलं! तिला बिचारीला वाटलं, खंडोबाचं काही आयुध असेल!

लिंबाजीनं वर बघितलं नाही. म्हणाला, "बस तुळशा. देव दारात आल्यावर खोक्यात कसे ठेवायचे? म्हटलं, लांबनं आलेत, दमले असतील. आधी न्हाऊ घालू. मग घेऊन जा."

तुळशीराम भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "दादा, एवढं झालं. पाय कापायची पाळी आली. मला हाक मारली नाहीस?"

तेव्हा मात्र लिंबाजीनं मान वर केली. "मारत होतो की रे! रोज मारत होतो! दवाखान्यातनं आलो तसा रोज सकाळी पूजा झाली की भिंतीवर काठी ठोकायचो. म्हटलं, नाव घेऊन हाक मारली तर तुझा राग वाढायचा. आणि तूसुद्धा ठोकायचास तिकडनं, जोरात! हौसा म्हणायची, भिंत पडेल. मी म्हणायचो, पडू दे! तुळशा ऐकतोय. बरा आहे तो."

मंडळी!

हा ठोकत होता रागानं. तो ऐकत होता मायेनं! हा म्हणत होता, गप बस. त्याला ऐकू येत होतं, मी आहे! सहा महिने थोरला हाक मारतोय, आणि धाकटा वरवंट्यानं ती हाक ठेचतोय! आणि वर विचारायचं कुणाला? — देवा, तू उशीर का लावतोस!

तुळशीरामाला रडू कोसळलं. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. थोरल्याचा तो पट्टी बांधलेला पाय मांडीवर घेतला आणि म्हणाला, "दादा, चुकलो रे मी. देव घेऊन चल. मयूरी हळदीला खोळंबलीय."

लिंबाजी म्हणाला, "येतो. पण मला वेळ लागतो बाबा आता. तुला घाई."

"नाही," तुळशीराम म्हणाला. "लागू दे वेळ."

दिवेलागण झाली होती. दोन्ही घरचे देव एका पाटीत बसले. लिंबाजीनं पाटी डोक्यावर घेतली. रीत आहे, ती थोरल्यानंच घ्यायची. एका हातात काठी, दुसरा हात तुळशीरामाच्या खांद्यावर. या दारातनं त्या दारापर्यंत. पाऊल टाकायचं, थांबायचं. पाऊल टाकायचं, थांबायचं. वाघ्या संबळ घेऊन उभा, गाव उभं, मयूरी दारात भाकर-तुकडा ओवाळायला घेऊन उभी. एवढ्याशा वाटेला केवढा वेळ लागला! आणि तुळशीराम? तो पाटीखाली डोकं घालून भावाच्या पावलानं चालतोय, आणि मधेच मोबाइल वाजला. दुकानाचा निरोप — आमची सेवा कशी वाटली? तारे द्या! तुळशीरामानं वाचलाही नाही. त्याचे दोन्ही हात थोरल्याच्या कमरेला होते. मयूरीनं तुकडा ओवाळून टाकला, थोरल्याच्या पायावर पाणी घातलं, आणि देव घरात आले.

तर मंडळी, आता सांगा. उशीर कुणी लावला?

देवानं? देव तर भिंतीपलीकडंच होता. हाक त्यानं मारली, रोज मारली, दुखऱ्या पायानं मारली. आपणच वरवंटा घेऊन बसलोय!

आता आरती. ताट माझ्या हातात आहे. पण कापूर मी लावलेला नाही, आणि लावणार नाही. का? सांगतो. या मंडपात डाव्या खांबाशी कुणीतरी बसलंय, आणि उजव्या खांबाशी त्याचाच भाऊ बसलाय. मधे सगळं गाव बसलंय भिंतीसारखं. मला कुणी काही सांगितलेलं नाही! मी परका माणूस, आज दुपारी तुमच्या गावात आलो. पण असा एक गाव दाखवा मला, जिथं ही जोडी नाही! अहो, मान खाली घालू नका, त्यानंच ओळखू येताय! बायकांच्या बाजूला बघू नका, जावा-जावा कधीच बोलायला लागल्यात परसातनं!

उठा. मी नाव घेणार नाही. बांधावरनं असेल, विहिरीवरनं असेल, भरतावरनं असेल, मला कारण नको. उठा आणि त्या खांबापर्यंत जा. मी हे ताट घेऊन उभा आहे. हात दुखला तर दुखू दे. मला सकाळी कुठं जायचं नाही.

...

तो बघा! उठला एक जण! शाबास! टाळ वाजवू नका रे, लाजेल तो. चल बाबा, चल... अहो, तिकडं कुठं? तिकडं चपला आहेत! भाऊ इकडं बसलाय! हां, इकडं. सरका रे मधली मंडळी, पाय आवरा, वाट द्या त्याला.